मुंबई ते नागपूर : विमानाचा दीड तास खरा किती?

मुंबई-नागपूर विमानाच्या तिकिटावर प्रवासाची वेळ साधारण दीड तास छापलेली असते. वाचकहो, हा दीड तास आपल्या दारापासून धरू नका. आम्ही तो तसा धरला होता.

सरळ रेघ मारली तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळापर्यंतचे अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते. (सोनेगावच्या या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव २००५ साली मिळाले.) रेल्वे मात्र कसारा घाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा करीत ८३७ किलोमीटर जाते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. पण तो भिवंडीजवळच संपतो, पुढची मुंबई आपली आपण गाठायची.

विमान वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास धावते. त्या हिशेबाने ५१ मिनिटे पुरावीत. मग दीड तास कशाला? चढताना-उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीकडे जायला रांग असते. कंपनीचे घड्याळ विमान जागेवरून हलले की सुरू होते आणि नागपूरला जागेवर उभे राहिले की थांबते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. त्यामुळे जाताना थोडा वेळ वाचतो. येताना तेच वारे तोंडावर.

आता आमचा हिशेब. सकाळी नऊला नागपूरहून फोन आला, मामा शेवटच्या घटका मोजत आहेत. रात्रीची दुरांतो सुमारे ११ तास घेते, म्हणजे पोहोचायला दुसरी सकाळ. शेजाऱ्यांनी वर्गणी काढली. आयत्या वेळचे तिकीट किती महाग पडते, ते सांगत नाही. साडेतीनचे विमान मिळाले. अकराला कल्याणहून निघालो. लोकल, घाटकोपरहून मेट्रो, मग रिक्षा. सामान देण्याचा काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून लवकर जाणे भागच. तपासणीत कमरेचा पट्टासुद्धा काढायला लावला. विमान ४० मिनिटे उशिरा हलले. रुग्णालयाच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा पावणेसात वाजले होते. म्हणजे पावणेआठ तास, आणि त्यातला हवेतला वेळ जेमतेम सव्वा तास!

तेव्हा तिकीट काढण्याआधी कागदावर घरापासून घरापर्यंतचे तास मांडा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे. तिकिटावर कोणता आहे ते नीट वाचा, नाहीतर रिक्षा भलतीकडे जायची. लग्नकार्याला जायचे असेल आणि तारीख आधी ठाऊक असेल, तर आमच्या मते रात्रीची गाडीच बरी. झोपेत प्रवास होतो, डबा बरोबर नेता येतो, पोरांचे तिकीटही परवडते.

मामा मात्र त्याच रात्री दोन वाजता गेले. गाडी तेव्हा वाटेतच असती. आम्ही आत शिरलो तेव्हा त्यांनी ओळखले, हात धरला आणि विचारले, "भाच्या, विमानाने आलास? किती वेळ लागला रे?"

"दीड तास, मामा," आम्ही म्हणालो.