रात्री जागणारी चिवळ

होळी उलटली, गहू-हरभरा घरात आला की वऱ्हाडातला भाजीबाजार आटू लागतो. मेथी फुलोऱ्यावर जाते, पालक करपतो, सांबाराची जुडी दर आठवड्याला महाग आणि बारीक होत जाते. अमरावतीचा इतवारा बाजार असो की अकोल्याचा जनता भाजी बाजार, चैत्रातल्या सकाळी ताजे म्हणून समोर येते ते इतकेच: कैरी, नवा पांढरा कांदा, टरबूज, डांगर, मृग बहाराचा शेवटचा संत्रा, लिंबू, आणि ओल्या फडक्याखाली झाकलेली चिवळ. ही निवड व्यापाऱ्याच्या हातात फारशी नसते. कोणती वनस्पती कमी पाण्यात कशी तग धरते, यावरच ती बरीचशी ठरते.

इथले ऊन किती, हे वऱ्हाडच्या माणसाला सांगायला नको. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला, तेव्हा प्रशासनाला उष्णतेमुळे कलम १४४ लागू करावे लागले होते. त्यात पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवर अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीला पाणी लागले तरी ते खारे असते. ते पाणी काळ्या चोपण मातीला दिले की माती आणखी घट्ट होते आणि पीक पिवळे पडते. म्हणून उन्हाळी भाजीपाल्याचा माल बहुतेक सातपुड्याच्या पायथ्याकडून, अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूने, नाहीतर दक्षिणेला बाळापूर-पातूरच्या बागायती शिवारातून येतो. मधल्या पट्ट्यातला शेतकरी जमीन असूनही मार्च ते जून भाजीवाचून राहतो. हे दुःख कोणत्याही भावफलकावर दिसत नाही.

या सगळ्यात चिवळीची गोष्ट सर्वांत विलक्षण आहे. बारीक, मांसल पानांची ही भाजी जमिनीला चिकटून पसरते. मूगडाळ घालून किंवा बेसन लावून केलेली तिची भाजी आणि ज्वारीची भाकर हे वऱ्हाडी उन्हाळ्याचे जेवण. घोळ आणि चिवळ या पोर्चुलाका या एकाच प्रजातीतल्या दोन वनस्पती. घोळीचे पान मोठे, चिवळीचे इवलेसे. बाकीचा पाला माना टाकत असताना ही टवटवीत कशी राहते, याचे उत्तर शोधायला वनस्पतिशास्त्राला बराच काळ लागला.

आधी अडचण समजून घेऊ. पानाला अन्न बनवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घ्यायचा तर पर्णरंध्रे उघडावी लागतात, आणि रंध्रे उघडली की पाण्याची वाफ बाहेर जाते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असे उडून जाते. पाणी वाचवायला रंध्रे मिटली तर पानात कार्बन डायऑक्साइड कमी पडतो. तो पकडण्याचे काम करणारे रुबिस्को नावाचे विकर मग त्याच्याऐवजी ऑक्सिजनच धरू लागते, आणि उष्णता जितकी जास्त तितकी ही चूक वाढते. अशा प्रत्येक चुकीत झाडाने आधी कमावलेला कार्बन थोडा वाया जातो. पालक, मेथी यांची उन्हाळ्यातली दैना यातून होते.

ज्वारी, मका, ऊस यांनी या अडचणीतून वाट काढली आहे. ती कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बन अणूंच्या एका आम्लात बांधतात, ते आम्ल शिरांभोवतीच्या पेशींत नेतात आणि तिथे मोकळे करतात. त्या पेशींत कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी होते की रुबिस्कोला चुकायला वाव उरत नाही. निवडुंग, कोरफड, अननस यांची रीत वेगळी. ही झाडे रात्री, हवा थंड असताना रंध्रे उघडतात, आलेला कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात, आणि दिवसा रंध्रे मिटून त्याच साठ्यावर सूर्यप्रकाशात अन्न शिजवतात. उन्हाच्या आधी दळण उरकून ठेवणाऱ्या घरासारखा हा कारभार आहे.

पहिली रीत जागेची वाटणी करते, दुसरी वेळेची. दोन्ही एकाच पानात नांदणे अवघड, असे पुष्कळ काळ मानले जात होते. मात्र १९८० मध्ये कोच आणि केनेडी या संशोधकांनी घोळीवर काम करून दाखवले की ज्वारीच्या रीतीने जगणारी ही वनस्पती पाणी तुटले की निवडुंगाची रीतही धरते. २०२२ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यापुढचा टप्पा गाठला. घोळीच्या पानात या दोन्ही रीती वेगवेगळ्या कोपऱ्यांत चालत नाहीत. त्या त्याच पेशींत, एकमेकींत गुंफून चालतात, असे त्यांना आढळले. रात्री साठवलेले आम्ल दिवसा ज्वारीच्या यंत्रणेतच ओतले जाते. पाणी मिळाले की रात्रीचे हे काम पुन्हा थांबते. पोर्चुलाकाच्या तपासलेल्या इतर शाखांतही दुष्काळात रात्री जागण्याची ही क्षमता दिसली आहे. हवामान तापत चाललेल्या जगात मका किंवा ज्वारी आणखी काटक करायची तर नमुना म्हणून शास्त्रज्ञ आज याच प्रजातीकडे पाहतात. आपल्या बांधावर मात्र ती तण म्हणून उपटली जाते.

याचा जिभेशी थेट संबंध आहे. चिवळीचा आंबटपणा मॅलिक आणि ऑक्सॅलिक आम्लांचा. पाण्याचा ताण बसलेल्या रोपात रात्रभर मॅलिक आम्ल साठते आणि दिवस वर चढेल तसे ते खर्ची पडते. म्हणून कोरड्या रानातली, पहाटे कापलेली भाजी जास्त आंबट लागते; दुपारनंतर कापलेली किंवा भरपूर पाण्यावर वाढवलेली सौम्य. पोषणाच्या बाबतीत तर घोळीचा हा परिवार पालेभाज्यांत वरच्या ओळीत बसतो. शंभर ग्रॅम ताज्या घोळीत सुमारे ३०० ते ४०० मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ गटातला मेद असतो. पालेभाजीत इतके प्रमाण क्वचितच आढळते. यातले माशात मिळणाऱ्या प्रकारात आपले शरीर थोडेच बदलू शकते, हेही खरे. आणि ऑक्सॅलेट असल्यामुळे मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी बेतानेच खावी. सोबत दही घेतले की त्यातले कॅल्शियम ऑक्सॅलेटला आतड्यातच बांधून ठेवते.

लिंबाची कथा याच्या उलट बाजूची. चिवळ ताण सोसते. लिंबाला फुलायलाच ताण लागतो. जमीन काही आठवडे कोरडी राहिली आणि मग पाणी मिळाले की झाडाला बहार येतो. उन्हाळ्यात बाजारात यायचे फळ पाच-सहा महिने आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हस्त बहारात धरावे लागते. त्या वेळी पावसाळा नुकताच सरत असतो आणि आपल्या खोल काळ्या मातीत ओल भरलेली असते. ताण बसणार कसा? म्हणून हस्त बहार कमी, उन्हाळी लिंबू कमी आणि रसवंतीवाल्यापासून गृहिणीपर्यंत सगळे भावावरून हैराण. यावर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तोडगा काढला. जूनमध्ये ५० पीपीएम जिबरेलिक आम्ल फवारून मृगाचा फुलोरा रोखायचा, सप्टेंबरमध्ये १,००० पीपीएम सायकोसेलने पालवीचा जोर आवरायचा आणि ऑक्टोबरमध्ये एक टक्का पोटॅशियम नायट्रेटने कळ्यांना जाग आणायची. पावसाने जो ताण मिळू दिला नाही, त्याची भरपाई अशी संप्रेरकांच्या भाषेत केली जाते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची ही शिफारस वऱ्हाडी मातीतून आली आहे. एप्रिलमधल्या चढ्या लिंबाकडे पाहताना त्यामागची दहा महिन्यांची आखणी लक्षात घ्यावी.

टरबूज-डांगराबद्दल थोडक्यात, पण उपयोगाचे. टरबूज वेलीवरून तोडल्यावर गोड होत नाही. जमिनीला टेकलेला डाग पिवळा आणि देठाजवळचा ताणा वाळलेला असेल तरच घ्यावे. डांगर घरी ठेवले तर मऊ होते, वासही वाढतो. साखर मात्र वेलीवर जेवढी भरली तेवढीच राहते.

आता बाजारातल्या ताजेपणाकडे. कापलेली भाजी मेलेली नसते, ती श्वसन करत असते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. पहाटे २५ अंशांत कापलेली चिवळ दुपारी ४५ अंशांच्या रस्त्यावर पडून राहिली, तर तिचे काही तासांत दिवसभराचे वय वाढते. यावर विक्रेत्या बायकांचे ओले फडके हा पक्का शास्त्रीय उपाय आहे. एक ग्रॅम पाणी उडताना जवळपास ५८० कॅलरी उष्णता ओढून नेते, आणि वऱ्हाडची हवा इतकी कोरडी की हा गारवा कोकणापेक्षा इथे कितीतरी अधिक मिळतो. याच तत्त्वावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटांच्या दुहेरी भिंतीत ओली रेती भरून विजेविना चालणारा शीतकक्ष तयार केला. आठवडी बाजाराच्या ओट्याशेजारी असे कक्ष बांधायला फार पैसा लागत नाही. नगरपालिकांनी आणि बाजार समित्यांनी ते या उन्हाळ्याआधीच बांधायला हवे होते.

शेतकरी बंधू-भगिनींना एक विनंती. बांधावरच्या, वाफ्यातल्या चिवळीवर तणनाशक मारू नका. एक कोपरा तिला सोडा. तिचे पेर मातीत दाबले तरी मुळे धरतात, बी वेगळे आणायला लागत नाही. आणि ग्राहकांनी ती सकाळी नऊच्या आत घ्यावी, फवारणी झालेल्या रानातली नाही ना हे विक्रेतीला विचारावे आणि त्याच दिवशी शिजवावी.