नर्सिंग की फार्मसी?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो, 'स्कोप कशाला आहे?' यंदा आमच्या वणीच्या घरीही तो आला. धाकटीने बायोलॉजी घेतली होती. एमएचटी-सीईटीवर बी.फार्म. मिळत होते आणि बी.एस्सी. नर्सिंगसाठी जी वेगळी सीईटी असते, तिच्यातही मार्क चांगले होते. आई म्हणाली, "मेडिकल टाकशील, घरी राहशील." बाबांनी तर निकालच देऊन टाकला, "नर्सिंग नाही. राती-बेराती ड्युटी पोरीच्या जातीले जमत नाही." मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. इंजिनिअर ना मी!

मी आपला तक्ता मांडून बसलो. दोन्ही कोर्स चार वर्षांचे, आपल्यासारखेच आठ सेमिस्टर. दोन्हीकडे शेवटी कौन्सिलची नोंदणी लागते. फार्मसीत पुढे कंपनीत प्रॉडक्शन, क्वालिटी कंट्रोल, औषध निरीक्षकाची परीक्षा, नाहीतर स्वतःचे दुकान. (नुसते दुकानच टाकायचे तर दोन वर्षांचा डी.फार्म. आणि ५०० तासांचे प्रशिक्षणही पुरते.) नर्सिंगमध्ये सरकारी-खासगी दवाखाने, गावातले उपकेंद्र, शिकवणे, परदेश. कागदावर बरोबरीच झाली!

तेव्हा लक्षात आले, की नुसता स्कोप मोजून भागत नाही, कामाचा दिवस कसा जातो ते पाहावे लागते. फार्मासिस्टचा संबंध औषधाशी. चिठ्ठीतला डोस वयाला बरोबर आहे का, दोन गोळ्या एकमेकींना मारक तर नाहीत ना, हे त्याने पकडायचे. नर्सचा संबंध माणसाशी. डॉक्टर राऊंड घेऊन जातात. पाळीभर खाटेजवळ असते ती सिस्टर. श्वास वाढला, लघवी कमी झाली, हे आधी तिला दिसते.

आमच्या शेजारचेच उदाहरण घ्या. वर्धा नदीपलीकडे वरोरा, तिथे बाबा आमटे आणि साधनाताईंनी कुष्ठरुग्णांसाठी उभे केलेले आनंदवन. कुष्ठरोगाचे जंतू एकट्या डॅप्सोनला दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची पद्धत सुचवली. पुढे चार आठवड्यांच्या गोळ्या एकाच पाकिटात क्रमाने लावून मिळू लागल्या, म्हणजे अक्षर न येणाऱ्याचीही चूक होऊ नये. ही फार्मसीची करामत. जंतू मेले, पण बधिर झालेला तळपाय बऱ्याचदा बधिरच राहतो. खडा रुतला तरी कळत नाही आणि जखम होते. ती रोज पाहणे, धुणे, पट्टी बांधणे, पेशंटला स्वतःचा पाय तपासायला शिकवणे, ही शुश्रूषा. एकावाचून दुसरे अपुरेच.

हे सगळे धाकटीला सांगितले, तर ती म्हणाली, "दादा, आजीच्या पायाची जखम आठवते?" आजीला शुगर होती. औषधे आणायचो मी, पट्टी बदलायची ती. वास यायचा म्हणून मी अंगणात निघून जायचो, ती तिथेच बसायची. "मला त्याचा कधी कंटाळा नाही आला," एवढेच ती बोलली. मग विचारते, "तू इंजिनिअरिंग का घेतलंस?" मला उत्तरच सुचेना. मार्क होते म्हणून!

राहिला बाबांचा प्रश्न. बाबा उकणीच्या कोळसा खाणीत पाळ्यांमध्ये काम करतात. धीर करून म्हटले, "बाबा, तुमची रात्रपाळी असते तेव्हा घरी कुणी म्हणतं का, जमत नाही? दवाखान्यातही रात्री कुणीतरी जागं लागतंच ना." खुल्या खाणीतसुद्धा बायकांना रात्री काम करायची परवानगी २०१९ मध्ये मिळाली, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत. पण त्यांची काळजीही खोटी नाही. म्हणून कॉलेज निवडताना रात्रीची ने-आण कशी, होस्टेल आवारातच आहे का, सोबतचा दवाखाना किती खाटांचा, हे आधी विचारायचे ठरले.

बाबा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "नर्सिंगच्या होस्टेलले मेस कशी राहते रे?"

आपल्या मेसबद्दल मी त्यांना काहीच सांगितले नाही!