फोनवरचा वर्ग आणि वस्तीतील मूल

नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गावर बुटीबोरीची औद्योगिक वसाहत पसरली आहे. येथील कामगारांच्या घरी झोप आणि जेवणखाण कंपनीच्या पाळीवर ठरते. आता मुलांचा अभ्यासही पाळीवर ठरतो. कारण घरात चांगला फोन एकच, आणि तो बापाबरोबर कामावर जातो. मी येथे संध्याकाळच्या अभ्यासिकेत आठवी ते दहावीच्या मुलांना शिकवतो. मोबाइलने शिक्षण घरोघरी नेले, हा दावा मला याच घरांत तपासावा लागतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली. कोणाचे शिक्षण? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) ग्रामीण भारतातील अवघ्या १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. पुढे फोन वाढले, हे खरे. पण घरात फोन असणे वेगळे, मुलाच्या हाती असणे वेगळे, आणि मुलीच्या हाती असणे तर त्याहून वेगळे. कष्टकऱ्यांच्या पैशावर वरच्या वर्गाचीच मुले शिकतात, हे जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले होते. फोनवरच्या वर्गाकडेही त्याच नजरेने पाहिले पाहिजे.

तरीही साधन टाकून देण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले; २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षिसाची चर्चा खूप झाली, कोडच्या गुणाची कमी. पुस्तक मुलाजवळच राहते. फोन रात्री दहाला घरी आला तरी पाठ उघडतो. ठरल्या वेळी भरणारा ऑनलाइन वर्ग मात्र बापाच्या पाळीपाशी अडतो.

म्हणून मी थेट वर्ग घेत नाही. पाच मिनिटांचा पाठ आवाजात मुद्रित करून पाठवतो. चित्रफितीपेक्षा त्याला डेटा फार कमी लागतो. व्हॉट्सॲपचा ग्रुपही करत नाही, कारण ग्रुपमध्ये मुलीच्या मायचा नंबर सर्वांना दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये तो कोणालाच दिसत नाही आणि उत्तर फक्त माझ्याकडे येते. पालकांनी माझा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला हवा, नाहीतर निरोप पोचत नाही. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुली या वाटेने प्रश्न विचारू लागल्या.

पण मूल नुसते ऐकत राहिले तर फोन म्हणजे दुसरा फळाच. खरा अभ्यास सुरू झाला तो मुलांना मुद्रण करायला लावल्यावर. प्रश्न एकच दिला: कारखान्यांच्या आधी या जमिनीवर काय होते? मुलांनी आज्यांना बोलते केले. कापूस, ज्वारी, निंदणाची मजुरी, विहिरीवरचे वेगळे पाणी, सगळे आले. जमीन ज्याच्या नावावर होती त्याला मोबदला मिळाला. तिच्यावर राबणाऱ्या भूमिहीनाचे काय, हा प्रश्न नववीच्या एका मुलीने स्वतः काढला. भूसंपादनाचा धडा मला त्या दिवशी वेगळा शिकवावा लागला नाही. आजीची बोली ‘अशुद्ध’ नाही, हे व्याकरणही त्यातच शिकवता आले.

दुसरा उद्योग फॉरवर्डचा. एप्रिल आणि ऑक्टोबरात बाबासाहेबांच्या नावाने वाटेल ती वाक्ये फिरतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. वाक्य खंडात सापडले तर पृष्ठक्रमांक लिहायचा. सापडले नाही तर पुढे पाठवायचे नाही. यात इंग्रजी वाचन होते ते शिकवणीपेक्षा अधिक, असे माझे मत आहे. भावनेच्या भरात आपलेच कार्यकर्ते खोटी वाक्ये फिरवतात, हेही मुलांना दिसते.

आज्यांची मुद्रणे आम्ही यूट्यूबवर टाकत नाही. त्यांत माणसांची आणि मालकांची नावे आहेत, आणि बोलणाऱ्या बायांना याच गावात राहायचे आहे. ती अभ्यासिकेच्या पेन ड्राइव्हवर ठेवली आहेत. कोणाला ऐकवायची, हे आजीला विचारूनच ठरते.