लळा लागतो तेव्हा

1967 साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात जे रोझेनब्लाट या शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. कधीच न व्यालेल्या उंदीरमाद्यांच्या पिंजऱ्यात त्याने दुसऱ्या माद्यांची पिल्लं ठेवली. अशी मादी अनोळखी पिल्लाला बिचकते, त्याच्यापासून लांब पळते. या माद्यांना दूध नव्हतं, म्हणून भुकेली पिल्लं उचलायची, पोट भरलेली दुसरी ठेवायची आणि बघत राहायचं, असा रोजचा क्रम. पाच-सहा दिवस गेले आणि माद्या बदलल्या. लांब पडलेलं पिल्लू तोंडात धरून जागेवर आणायचं, त्याला चाटायचं, घरटं नीट करायचं, पाठीची कमान करून पिल्लांवर पाखर घालायची. व्यालेली मादी जे जे करते ते सगळं त्या करू लागल्या. अंडाशय काढून टाकलेल्या माद्यांनीही तेच केलं. आणि नरांनीसुद्धा!

इथे थांबून विचार करावा असं हे आहे. ज्या देहाने गर्भ वाढवला नाही, त्या देहातही आईपण झोपलेलं होतं आणि निव्वळ पिल्लांच्या सहवासाने ते जागं झालं. व्यालेल्या मादीला हे पहिल्या तासापासून जमतं, कारण बाळंतपणाच्या सुमारास उसळणारी संप्रेरकं तिच्या मेंदूची तयारी करून ठेवतात. इतरांना त्यासाठी आठवडाभर लागतो, इतकाच फरक.

सगळ्याच प्राण्यांचं असं नसतं. मेंढी व्याल्यावर पहिल्या एक-दोन तासांतच आपल्या कोकराचा वास मनात पक्का करते आणि पुढे परकं कोकरू जवळ आलं तर ढुशी मारून हाकलते. म्हणून पोरक्या कोकराला आई मिळवून द्यायची तर मेंढपाळ त्याच्या अंगावर त्या मेंढीच्या मेलेल्या कोकराचं कातडं चढवतात. मग माणूस कुणासारखा? मेंढीसारखा की उंदरासारखा?

काही काळ वैद्यकाला वाटलं, मेंढीसारखा. 1972 मध्ये मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या बालरोगतज्ज्ञांनी अवघ्या 28 आयांच्या अभ्यासावरून सुचवलं की जन्मानंतरचे पहिले तास आई-मुलाच्या नात्यासाठी फार मोलाचे असतात. त्याचा फायदा नक्की झाला; तोवर बाळाला काचेपलीकडून दाखवणारी रुग्णालयं बाळ आईच्या कुशीत देऊ लागली. पण त्याबरोबर एक धास्तीही पसरली. ते पहिले तास ज्यांना मिळालेच नाहीत त्यांचं काय? ज्या आईला दत्तक बाळ आठ महिन्यांचं झाल्यावर भेटलं, तिचं काय? पुढच्या संशोधनाने ही धास्ती दूर केली. ते तास हुकले म्हणून माणसाचं नातं तुटत नाही.

शिवाय पोटच्या बाळाची माया तरी पाहताक्षणी दाटून येते का? 1980 मध्ये लंडनच्या रॉबसन आणि कुमार यांनी आयांनाच विचारलं. पहिलटकरणींपैकी सुमारे 40 टक्क्यांनी सांगितलं की बाळ पहिल्यांदा हातात आलं तेव्हा त्यांना काहीच वाटलं नव्हतं. बहुतेकींना पुढच्या आठवडाभरात माया दाटून आली, बाळाला घेता-घेता, पाजता-पाजता. म्हणजे सहवासाचं काम प्रत्येक घरात चालू असतं. पोटच्या मुलाच्या बाबतीत ते आपल्या ध्यानात येत नाही, एवढंच.

हे काम शरीरात कसं चालतं, हेही आता थोडंथोडं उलगडतं आहे. अमेरिकेतल्या जोहाना बिक आणि मेरी डोझियर यांनी सांभाळायला नुकतंच बाळ मिळालेल्या पालक-आयांचा अभ्यास केला आणि तो 2013 मध्ये प्रसिद्ध केला. बाळाला कुशीत घेतल्यावर या आयांच्या शरीरात ऑक्सिटोसिन किती तयार होतं, हे त्यांनी मोजलं. बाळंतपणात आणि दूध पाजताना कामाला येणारं हेच ते संप्रेरक. सोबत बाळांचे चेहरे पाहताना मेंदूत उमटणाऱ्या लहरीही टिपल्या. सुरुवातीला या ऑक्सिटोसिनचा संबंध कुठल्याही बाळाचा चेहरा पाहून उमटणाऱ्या लहरींशी दिसत होता. तीन महिन्यांनी तो स्वतःच्या कुशीतल्या त्या एका बाळाच्या चेहऱ्याशी जुळला होता. रक्ताचा काही संबंध नाही, आणि तरी हजार चेहऱ्यांतून एक चेहरा शरीराने आपला म्हणून निवडला!

इस्राएलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने 2014 मध्ये पहिल्यांदाच आईबाप झालेल्या 89 जणांच्या मेंदूंची चित्रं घेतली. त्यांत आया होत्या, आईला हातभार लावणारे वडील होते आणि आईविना बाळ वाढवणारे समलिंगी वडीलही होते. बाळाचा सगळा भार ज्या वडिलांवर होता, त्यांच्या मेंदूतला अमिग्डला आयांइतकाच सजग होता. हा भाग बाळाच्या बारीकशा हालचालीनेही सावध होतो. बाळाचं मन वाचणारा भागही त्यांच्यात जोरात काम करत होता. आणि वडिलांचा जितका वेळ बाळाची देखभाल करण्यात जाई, तितका या दोन भागांमधला धागा घट्ट होता. मेंदू पालक होतो तो लंगोट बदलून, रात्री जागून, घास भरवून.

आता बाळाच्या बाजूने पाहू. सहा-सात महिन्यांपासून बाळ ठरावीक माणसांना बिलगू लागतं. नऊ महिने कुणाच्या पोटात होतो, हे त्याला ठाऊक नसतं. रडल्यावर कोण येतं, हे मात्र पक्कं ठाऊक असतं. नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. वयाच्या पहिल्या वर्षाच्या आत दत्तक गेलेल्या मुलांचं आईबापांशी असलेलं नातं इतर मुलांइतकंच सुरक्षित होतं. उशिरा गेलेल्यांना मात्र तो विश्वास बसायला जड गेलं. आपण रक्तात शोधतो तो फरक खरं तर इथे आहे: मूल घरी येण्याआधी त्याच्या वाट्याला काय आलं, त्यात.

रोमेनियातल्या अनाथालयांनी हे फार वेदनेने दाखवून दिलं. तिथे डझनावारी बाळांमागे मोजकी माणसं असत. 2000 च्या सुमारास बुखारेस्टमध्ये 136 बाळं निवडून निम्म्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवण्यात आलं. साडेतीन वर्षांची झाल्यावर कुटुंबांत गेलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांचं नातं सुरक्षित होतं. बाकीच्यांत हे प्रमाण पाचात एकाहूनही कमी. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं, त्यांना जास्त लाभ झाला. ही कुटुंबं त्या मुलांना साफ अनोळखी होती, हे विसरू नये.

महाराष्ट्राने तर हे डोळ्यांनी पाहिलं आहे. काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या मुलाला जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत. जोतीरावांनी मृत्युपत्र केलं ते त्याच्या नावाने. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी दत्तकाच्या हक्कावर बोट ठेवलं, तर अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात धरलं. यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात हडपसरजवळच्या त्याच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करत होत्या, आणि त्या साथीनेच त्यांना नेलं. आई आणि मुलगा एकाच कामाला जुंपलेले होते. यापेक्षा सख्खं नातं कोणतं?

म्हणून मूल घरी आणलेल्या आणि ‘अजून तसं वाटत कसं नाही?’ म्हणून रात्री अस्वस्थ होणाऱ्या आईबापांना मनापासून सांगावंसं वाटतं: तुमच्यात काही कमी नाही. आपल्या दत्तकविधानाच्या नियमांतही मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा सांगितला आहे. नात्याला वेळ लागतो, हे तिथेही गृहीत धरलं आहे. आधी माया वाटेल आणि मग काळजी घेऊ, असं थांबायचं कारण नाही. काळजी घेत राहा. मूल मोठं असेल तर ते परीक्षा बघेल, दूर ढकलेल. तेव्हाही रोज त्याच वेळी, त्याच आवाजात जवळ राहा. जन्म देणं सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही, पण मुलाचं होऊन जाण्याची ताकद निसर्गाने जवळपास प्रत्येक माणसाच्या अंगात ठेवली आहे, आणि ती जागी करायला एक मूल पुरेसं असतं.