प्रभागाच्या रेषा आणि रिकामे सभागृह

7 मार्च 2022 या एकाच दिवशी मुंबईत दोन गोष्टी घडल्या. महापालिकेच्या 227 नगरसेवकांची मुदत संपली आणि विधिमंडळाने एकमताने विधेयक मंजूर करून प्रभाग पाडण्याचा राज्य निवडणूक आयोगाकडचा अधिकार सरकारकडे घेतला. त्यानंतर जवळपास चार वर्षे मुंबईत प्रशासक राहिला. नवी मुंबईची मुदत तर 2020 मध्येच संपली होती. तिथे एक अख्खी टर्म नगरसेवकांविना गेली. 74व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम 243 यू सांगते की पालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि पुढची निवडणूक त्याआधी व्हायला हवी. इतकी स्पष्ट तरतूद असताना निवडणुका रखडल्या त्या ‘कोर्टामुळे’, असे सगळेच पक्ष सांगतात. ते अर्धेच खरे आहे.

खरा भाग असा. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातले स्थानिक संस्थांमधले ओबीसी आरक्षण रोखले. स्वतंत्र आयोग नेमा, प्रत्येक संस्थेपुरता इम्पिरिकल डेटा गोळा करा आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत ठेवा, ही तिहेरी कसोटी पाळलेली नव्हती. ओबीसींना बाजूला ठेवून निवडणुका घेणे कोणत्याही सरकारला जड जाणार, आणि ते जड जावे हेच योग्य. पण ही कसोटी 2021 ची नव्हे, 2010 च्या कृष्णमूर्ती निकालातली. मधल्या 11 वर्षांत आघाडीचे, युतीचे, पुन्हा आघाडीचे अशी सरकारे आली-गेली. डेटा कोणीच गोळा केला नाही. मध्य प्रदेशपुढेही हाच पेच होता. मे 2022 मध्ये न्यायालयाने त्या राज्याला बजावले की कसोटी पूर्ण नसली तरी निवडणूक थांबणार नाही. राज्याने धावपळ करून सुधारित अहवाल दिला, आरक्षण मिळवले आणि जुलैपर्यंत मतदानही उरकले. महाराष्ट्राने याच कसोटीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवालही त्याच जुलैत न्यायालयाने स्वीकारला होता. म्हणजे मोठा अडसर तेव्हाच दूर झाला होता.

मग गाडी कुठे अडली? प्रभागांवर. आघाडी सरकारने मुंबईचे प्रभाग 227 वरून 236 केले होते. जूनअखेर सत्ता पालटली आणि ऑगस्टमध्ये नव्या सरकारने ते पुन्हा 227 वर आणले. प्रकरण न्यायालयात गेले, ‘जैसे थे’चा आदेश आला आणि तारखा पडत राहिल्या. इतर महापालिकांत 2017 ला चार सदस्यांचा प्रभाग होता. आघाडीने आधी तो एक सदस्याचा केला, मग तीनचा. पुढच्या सरकारने पुन्हा चारचा. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून, याचेही तसेच: 2016 ला थेट, 2020 ला अप्रत्यक्ष, 2022 ला पुन्हा थेट. यातल्या प्रत्येक बदलाला ‘सुधारणा’ हेच नाव होते. चार सदस्यांच्या प्रभागात पक्षाचे चिन्ह चालते, एकाच्या प्रभागात गल्लीतला ओळखीचा माणूस. कोणाला काय सोयीचे, हे सांगायला राज्यशास्त्र शिकावे लागत नाही. खेळाडूनेच मैदान आखायचे म्हटल्यावर आखणी कधी संपणार?

यावर एक आक्षेप मनापासून घेतला जातो: नगरसेवक नव्हते तेच बरे, टक्केवारी तरी थांबली, प्रशासक झटपट निर्णय घेतात. नगरसेवकांची ही कीर्ती उगाच झालेली नाही. पण प्रशासकाच्या काळात कारभार कसा चालतो ते पाहावे. एरवी आयुक्त प्रस्ताव पाठवतात, स्थायी समिती तो तपासते, अडवते, कधी परत पाठवते. या काळात आयुक्तच प्रशासक; स्थायी समितीही तेच, सभागृहही तेच. फाइल टेबलाच्या एका बाजूने निघते आणि दुसऱ्या बाजूला त्याच माणसापुढे येते. 2025-26 चा मुंबईचा 74 हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प असाच मंजूर झाला. सुमारे 6 हजार कोटींची रस्ते काँक्रिटीकरणाची कंत्राटे निघाली तेव्हा हरकतींना सभागृह नव्हते. हरकती पत्रांतून आणि पत्रकार परिषदांतून मांडाव्या लागल्या. टक्केवारी थांबली की नाही, हे विचारायलाही तिथे कोणी नव्हते. शिवाय प्रशासक राजकारणापासून अलिप्त असतो हा भ्रमच. त्याची नेमणूक आणि बदली मंत्रालयातून होते. 2023 मध्ये मुंबई उपनगर जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांनी पालिका मुख्यालयातच कार्यालय थाटले, यावरून मोकळी जागा कशी भरते ते दिसले. निवडणूक लांबली की राज्यातल्या सत्ताधाऱ्याला श्रीमंत पालिका न जिंकताच हाती येते, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. विरोधात असताना लवकर निवडणूक मागणारा सत्तेत आला की ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणतो, ते त्यामुळेच.

शेवटी मे 2025 मध्ये न्यायालयाने बांठिया अहवालाआधीची आरक्षणाची स्थिती धरून निवडणुका घ्यायला सांगितले. चार महिन्यांची मुदत होती. ती वाढवून 31 जानेवारी 2026 करून घेण्यात आली. 15 जानेवारीला 29 महापालिकांसाठी मतदान झाले. त्याआधी प्रभागरचनेचे आदेश नगरविकास खात्यानेच काढले होते, कारण मार्च 2022 च्या त्या एकमताच्या विधेयकाने तो अधिकार तिथे नेला होता. आता 2027 ची जनगणना होईल, लोकसंख्येचे आकडे बदलतील आणि पुढच्या निवडणुकीआधी प्रभाग पुन्हा पाडावे लागतील. तेव्हा ते आयोगाने पाडावेत, असे विधेयक कोणता पक्ष आणणार?