दिवसा झोपणारा शेजारी : कामगार वसाहतींतील शेजारधर्म

संत लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात एक शास्त्री प्रभू येशूला विचारतो की, आपण आपला शेजारी कोणाला समजावे? प्रभू त्याला व्याख्या सांगत नाही, तर दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला देतो. त्या दाखल्यातील याजकाने व लेव्याने जखमी वाटसरूला मारहाण केली नव्हती. ते केवळ बाजूने निघून गेले. शोमरोनी मात्र थांबला आणि ह्या माणसाला आत्ता कशाची गरज आहे, हे त्याने पाहिले. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील आपल्या शेजाऱ्याची गरज पुष्कळदा अगदी साधी असते. त्याला झोप हवी असते.

पाळ्यांवर चालणारी नगरी

१९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यापासून पिंपरीच्या औद्योगिक वाटचालीला वेग आला. पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथे कारखाने वाढले आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. अनेक कारखान्यांतील यंत्रे रात्रीही थांबत नाहीत. म्हणूनच निगडी, मोशी किंवा चाकणच्या एकाच इमारतीत सकाळी दहा वाजता एका घरी स्वयंपाकाची घाई असते, वरच्या घरी फरशी बसवणाऱ्याची ठोकाठोक सुरू होते आणि मधल्या घरी रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा नुकताच डोळा लागलेला असतो.

कायदा कोठे थांबतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ शांततेची मानली जाते. रहिवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. म्हणजे कायदा रात्री झोपणाऱ्याची अधिक काळजी घेतो. दिवसा झोपावे लागणाऱ्यासाठी त्यात वेगळी वेळ राखलेली नाही. ती शेजाऱ्यांनीच राखावयाची असते.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. शरीराची घडण रात्री झोपण्याची असल्यामुळे दिवसाची झोप मुळातच कमी व हलकी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाची गणना कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत केली आहे. अपुऱ्या झोपेचा धोका तर तत्काळ असतो. प्रेस मशीनवर क्षणभर डुलकी लागली, तर हाताची बोटे जाऊ शकतात. घरी परतताना दुचाकीवर डोळा मिटला, तर जीवही जाऊ शकतो.

आपण काय करू शकतो?

१. आपल्या वर, खाली व शेजारी कोण रात्रपाळी करतो, हे आस्थेने विचारून घ्यावे. पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर तेही लक्षात ठेवावे.

२. घराचे दुरुस्तीकाम काढण्यापूर्वी स्वतः जाऊन सांगावे. ड्रिल व ठोकाठोकीची वेळ शेजाऱ्याशी बोलून, शक्यतो दुपारनंतरची ठरवावी.

३. मुलांना खेळू द्यावे, मात्र झोपलेल्याच्या खिडकीखाली न खेळता थोडे पलीकडे खेळण्यास प्रेमाने सांगावे. कामाशिवाय त्याच्या दाराची घंटा वाजवू नये.

४. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणीपुरवठा लागू झाला. ज्या घरांत नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, तेथे झोपलेल्या शेजाऱ्याचे दोन हंडे भरून ठेवणे ही मोठी सेवा होय.

५. तक्रार असल्यास प्रथम त्या व्यक्तीलाच एकांतात भेटावे. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात प्रभूने हाच क्रम घालून दिला आहे. थेट सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिल्याने माणूस दुखावतो व प्रश्न तसाच राहतो.

आरंभ आपल्या घरापासून

आपल्या नाताळगीतांचा, लग्नकार्यांचा व धर्मग्रामाच्या सणाचा आनंदही इतरांच्या कानी पडतो. वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपकाची सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. परंतु सरकारची सवलत म्हणजे शेजाऱ्याचा होकार नव्हे. नाताळगीते गाणाऱ्या गटाने इमारतीत आधी विचारावे व वेळेत आटोपते घ्यावे. जपमाळेच्या प्रार्थनेला तर ध्वनिक्षेपकाची गरजच नसते. हरेगाव, संगमनेर परिसरातून येथे आलेली अनेक ख्रिस्ती कुटुंबे अशा इमारतींत राहतात, जेथे दुसरे ख्रिस्ती घर नसते. तेथे शेजारी ख्रिस्ताची ओळख आपल्या वागणुकीवरूनच करून घेतात.

१९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कामगार संत योसेफ यांचा सण म्हणून घोषित केला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या मेजावर निद्रिस्त संत योसेफ यांची मूर्ती असे. जानेवारी २०१५ मध्ये मनिला येथे त्यांनी स्वतःच तसे सांगितले होते. संत योसेफ कष्टकरी होते आणि परमेश्वराने आपली इच्छा त्यांना झोपेतच कळविली. आपल्या इमारतीतील थकलेल्या कामगाराची झोपही अशीच पवित्र मानण्याची सुबुद्धी संत योसेफ यांच्या मध्यस्थीने परमेश्वर आपणा सर्वांस देवो.