वाळूवरची रेडिओ गाडी

मुलांनो, रेडिओसंदेशावर धावणारी छोटी गाडी वाळूवर नेली की तिचे काय होते? जपानच्या तामिया कंपनीने १९७९ साली ‘सँड स्कॉर्चर’ ही गाडी काढली. तिची बॅटरी, संदेश घेणारा रेडिओसंच आणि चाके वळवणारे सर्व्हो यंत्र एका बंद पेटीत होते.

झाकणाखाली रबराची पट्टी घातली की पेटी बंद होते. पण चाकांकडे जाणारी दांडी पेटीबाहेर यायला हवी, आणि हलायलाही हवी! त्यासाठी दांडीवर रबराचा घडीदार भाता चढवतात. तो आखडतो, पसरतो. फट पडू देत नाही.

तरीही पाणी शिरते. कसे? चालून चालून पेटीतील हवा तापते. गाडी गार पाण्यात गेली की ती हवा थंडावते, तिचा दाब घटतो आणि केसाएवढ्या फटीतूनही पाणी आत ओढले जाते.

विजेची मोटर मात्र पेटीबाहेरच बरी; कोंडली तर अतिशय तापेल. वाळूतील क्वार्ट्‌झचे कण साध्या पोलादाहून कठीण असतात. तेलकट दंतचक्रांना ते चिकटले की कानशीसारखे दाते झिजवतात. म्हणून उघडी चक्रे कोरडीच ठेवावीत.

समुद्रावरून आणलेली गाडी त्या दिवशी ठणठणीत वाटते. पण राहिलेले मीठ हवेतील ओल धरून ठेवते, गंज चढत जातो आणि काही दिवसांनी बेअरिंग अडकते. तेव्हा घरी येताच बॅटरी काढा, गोड्या पाण्याच्या फडक्याने गाडी पुसा, वाळवा. मग मोटरच्या बेअरिंगला तेलाचा एकच थेंब द्या; जास्त झाले तर वाळूच चिकटेल.